बराखीतली कॅसेट

"लाव की," पप्पू म्हणाला.

गोरखने कॅसेट टेपात सरकवली, पण बटण दाबेना. इतकी वर्षं त्याने ती एकदाही वाजवली नव्हती. झिजली असती.

चौऱ्याण्णव साली आळे गावात, गोरखच्या कांद्याच्या बराखीत बारदानं लटकवून कॉलेजातल्या चार पोरांनी सहा गाणी भरली होती. रॉक. गावाला वाटलं, बराखीवर पत्रे ठोकतायत. पप्पू गायचा, गोरख ड्रम बडवायचा. बँड मुंबईला गेला तेव्हा गोरखची आई आजारी होती. तो आळेफाट्यावर पंपाच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरायला लागला. पुढे पप्पूचं नाव इतकं मोठं झालं, की त्यात पप्पू उरला नाही.

आता कंपनीला ती पहिली गाणी सीडीवर काढायची होती. मुंबईला वाटलेल्या प्रती कुणी परत पाठवल्या नव्हत्या. उरली होती ही एकच.

"कव्हरवर तुझं नाव येणार, राव. ड्रम्स, गोरख."

ते ऐकून उज्ज्वलाने नवऱ्याच्या मित्राच्या चहात वेलची टाकली.

गोरखने बटण दाबलं. ड्रमचे दोन ठोके आले, मग खर्रर्र, आणि मग—

"आली आली आली! भिर्रर्रर्र! गाडा सुटला, मंडळी!"

"आयला!" दारातून गोरखचा म्हातारा बाप हौशीराम म्हणाला. "ह्यो तर माजा आवाज!"

"दादा, ही कॅसेट तुमी भरली?" गोरखने विचारलं.

"जत्रंच्या कमिटीला नमुना पायजे व्हता. बैलगाड्याच्या शर्यतीला घाटात माईकवर कोन बोलनार ते ठरवायला. बराखीत बसून बोललो, बैल नाय का काय नाय. ही एकच कॅसेट व्हती, तिची बी मागची टिकली मोडल्याली. कागूद कोंबला अन् भरली."

"टिकली मी मोडली व्हती. कुनी पुसू नये म्हनून."

"मला वाटलं, खराब हाय."

पप्पूने दुसरी बाजू लावली. तिकडेही गाडा सुटला.

"मग मिळालं का काम, दादा?" त्याने विचारलं.

"कशाचं! म्हनले, आवाजात दम नाय."

पप्पू हसायचा थांबला. डोळे बारीक करून त्याने पुन्हा ऐकलं. "गोऱ्या, हे लई भारी आहे. अस्सल. हेच घेतो."

सीडी आली. सुरुवातीला हौशीराम ओरडतो, मग गाणी लागतात, नव्याने वाजवलेली. ड्रमवर मुंबईचा कुणी पोरगा आहे. कव्हरवर तळाशी बारीक अक्षरात 'आळे ग्रामस्थांचे आभार' आहेत. गोरख त्यात मोडतो.

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हौशीराम ती ऐकवतो. एका दुपारी पाहुणे उठून गेल्यावर त्याने विचारलं, "गोरख, तुजं वाजवनं यात कुठं लागतं रं?"

गोरख मोटरीला तार गुंडाळत होता. "खाली हाय, दादा. तुमच्या आवाजाच्या खाली."

"मला मेलं कमी ऐकाया येतं," हौशीराम म्हणाला. त्याने बटण शेवटपर्यंत पिळून आवाज वाढवला आणि स्पीकरला कान लावून वाट बघत बसला.