जांभ्याचा वायू माझ्या पोटात

मी एक काचेची बरणी बोलतेय, आणि आनंदानं माझं झाकण उडायचंच काय ते बाकी आहे!

मुंबईहून बोटीनं रत्नागिरीला आले तेव्हा माझ्यात विलायती गोळ्या होत्या. पुढं यमुनाबाईंनी लोणचं भरलं. मग त्यांचा भाचा रघू जर्मनीत शिकून परतला आणि त्यानं मला राखेनं घासून लख्ख केलं. जांभ्या दगडाचे सच्छिद्र तुकडे माझ्यात भरून झाकण मेणानं बंद केलं. दगडातून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. रघूला तो मोजायचा होता.

"दगडात वारा शोधतंय येडं!" यमुनाबाई म्हणाल्या. "तकडं मुंबैत नोकरी खोळंबलीय. शिमग्यापातूर काय निघालं नाय, तर गपचूप बोटीत बसायचं."

रघूनं मान्य केलं. मी मात्र जीव मुठीत धरून वायू साठवत राहिले.

एका कोरड्या, थंड सकाळी माझ्यातली हवा नळीनं पत्र्याच्या डबीत गेली. तिच्यात सोन्याचं तलम पान. विजेचा भार दिला की ते फाकून उभं राहतं, रेडॉन पोचला की तो भार निसटतो आणि पान भरभर खाली येतं. आणि आलं की हो! रघूनं उडीच मारली.

डोकावणारी शेजारीण हौसा ओरडली, "अगो बाय, पान पडलं! देवान कौल दिलान!"

देवाला लावलेलं फूल पडलं की देव बोलला, असं इथं मानतात. यमुनाबाईंनी हात जोडले. "ऱ्हा रं बाबा हितंच. त्येची मर्जी."

रघूनं नुसतं गप्प बसायचं होतं! पण त्यानं दगड काढले, मला आणि डबीला उघडं ठेवून आतला वायू घालवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यातली साधी हवा तिच्यात सोडली. पान तेव्हाही पडलं, पण अगदी रेंगाळत.

"आत्ये, हा कौल नव्हे. रिकाम्या बरणीलाही पान पडतं. दगड असला की लवकर पडतं, एवढंच. तो जास्तीचा वेग दगडातल्या वायूचा."

"म्हंजे देव बोललाच नाय?"

"नाही."

यमुनाबाईंनी पदर खोचला. "मंग आता मलाच बोलाया होवं," म्हणत त्या आत गेल्या आणि माझी जुळी बहीण धुऊन घेऊन आल्या. "ही धर. येका बरणीनं कवा व्हायचं तुझं?"

आता आम्ही दोघी फळीवर शेजारी बसलोय, एकीत दगड, एकीत नुसती हवा. मंडळी, बघायला जरूर या. फक्त झाकणाला हात लावू नका; आमचं काम चालू आहे!