दीक्षानं फोडलेला नारळ

आष्ट्याजवळ कृष्णेच्या वळणावर आमचं गाव. वरच्या अंगाला घाट, खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. चौऱ्याण्णव साली तो माझ्या न्हाणीपाशी आला. आता पुढचा पूर घरच नेणार, हे मला कुणी सांगाय नको हुतं.

माझी भाची दीक्षा रत्नागिरीला शास्त्रज्ञ. समुद्र किनारा कसा खातो, ते बघायचं तिचं काम. ती आली, काठ बघितला आन् म्हणाली, "आत्ती, भिंत नुसती घाटापुरती बांधली, तर जिथं ती संपेल तिथं पाणी दुप्पट चावेल. बांधायची तर वस्तीच्या पार टोकापर्यंत, नाहीतर नकोच. त्यापेक्षा बांबू लावा."

आमी बायांनी बांबू लावलाबी. तवर सरपंच नानासो आला. ओठात एक, पोटात एक, असला माणूस! "म्याडम, भिंत वस्तीच्या टोकापातूर नेतो. पर कामाचा नारळ तुमच्याच हातनं फुटाय पायजे."

आमी छप्पन सालापास्नं नारळ-बिरळ सोडलेला. माझ्या बापानं तवा घरातलं देव नदीत सोडलं हुतं. पोरगी घुटमळली. मग म्हणाली, "आत्ती, सगळ्यांची घरं वाचत असतील तर फोडते." फोडला. गावानं शाल घातली, टाळ्या वाजवल्या. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

भिंत झाली आन् घाटाच्या कडंला थांबली. "मंजुरीच तेवढी हाय," नानासो म्हणाला.

पुढच्या पुरात पाणी भिंतीला घासत आलं आन् वस्तीत घुसलं. बांबूनं अजून मूळ धरलं नव्हतं. माझं घर गेलं, धोंडुबाईचं गेलं. घाटाचा चिरासुदीक हलला न्हाई.

दीक्षा तडक नानासोच्या दारात गेली. त्यो चहा फुंकत म्हणाला, "नारळ कुणी फोडला, म्याडम? आता तक्रार कुणाची करताय?"

आता आमी गायरानात पत्र्याखाली ऱ्हातो. धोंडुबाई तोंडावर म्हणती, "तुज्या भाचीनं मान घेतला आन् आमाला बुडवलं." मी बी सोडत न्हाई. "मुडदा बशीवला त्या नानासोचा! पोरीला का बोलतीस?"

परवा दीक्षा आली. जेव म्हणलं, तर ताटाकडं बघंना. "आत्ती, भिंत अर्धी राहिली तर काय होणार, हे सगळ्या गावात मला एकटीला माहीत होतं. मंजुरीचा कागद बघितल्याशिवाय मी नारळ फोडलाच कसा?"

पोरगी रडाय लागली. मी चुलीपाशी जाऊन भाकरी थापत बसले. तिला जवळ घेतलं न्हाई.