पुढच्या आवृत्तीची तारीख

मटाराचा एक दाणा घरंगळत आला आणि लॅपटॉपच्या कडेला अडला... हिरवागार, एका बाजूनं जरासा चेपलेला... तो उचलून परत द्यावा, एवढंही तिला सुचेना. टेबलाच्या पलीकडे सासूबाई शेंगा सोलत होत्या, अलीकडे ती पुढच्या आवृत्तीची तारीख ठरवत होती — म्हणजे सकाळ रोजच्यासारखीच. फक्त पडद्यावर घुबडाची ती एक ओळ होती.

अंधूक दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणारा तो प्रोग्राम कुण्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीची माणसं फावल्या वेळात तो लिहीत, आणि कुणीही तो फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. नवी आवृत्ती कधी काढायची, तोवर कुणी काय पुरं करायचं, हे जुळवणं तिच्याकडे. तिनं सुचवलेल्या प्रत्येक तारखेला पहिला होकार घुबडाचा — ती झोपायला जाई तेव्हा दूर कुठल्या देशात ते कामाला बसे, म्हणून तिच्या मनातल्या मनात ते घुबड. बाई की पुरुष, तिनं कधी विचारलं नाही. ज्या भाषेत त्यांचं लिहिणं चाले तिच्यात क्रियापदावरून ते कळत नसे, आणि मराठीत घुबड नपुंसकलिंगी, तेवढी सोय. मागच्या खेपेला त्यानं कळवलं होतं, प्रोग्रामचा आवाज अजून अडखळतोय, आठवडाभर थांब. आणि ती थांबली नव्हती. तारीख म्हणजे तारीख, असं काहीतरी लिहिलं... की नुसतंच 'नाही'? त्याचा राग असेल? की ते आजारी आहे? की आपणच सुतावरून स्वर्ग गाठतोय...

सासूबाईंनी विचारलं, चेहरा का असा, कोण गेलं. कुणी गेलं नाही, कामातलं आहे एक, ती म्हणाली. बाई की बुवा, त्यांनी विचारलं. ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांचा अंगठा शेंगेतच थांबला.

"अगं, इतकी वर्षं बोलतेस आणि ठाऊक नाही? काय म्हणतंय मग ते?"

तिनं ती ओळ मराठीत करून सांगितली. "तारीख तू ठरव. मला धरू नकोस."

"मग तू धरलं होतंस का?"

मूळ ओळीत तसलं काही नव्हतं — मोजणीत घेऊ नकोस, एवढंच होतं. मराठीत आणताना तो शब्द तिच्याच तोंडून निसटला... म्हणजे तो तिचाच. धरलं होतं? गृहीत धरलं होतं, हो — पण सासूबाई ते विचारत नव्हत्या. किंवा तेच विचारत होत्या...

'बरं आहे ना सगळं?' तिनं लिहिलं, खोडलं. 'थांबू का?' लिहिलं, आणि कशासाठी ते सुचेना म्हणून तेही खोडलं. मग वेळापत्रकात एक तारीख घातली. पुसली. रिकामी चौकट दिसली की एरवी तिच्या जिवाची घालमेल व्हायची. आता घुबड परत येईतो ती तशीच राहावी असं वाटत होतं — आणि तसं वाटण्याचीच तिला धास्ती वाटू लागली.