वाडा हलवला, पिसवा राहिल्या

घरात पिसवा झाल्या त्या सरदारमुळं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते सरदारचं काय करायचं यावर.

सरदार म्हणजे कस्तुराबाईचा कुत्रा. जन्म मेंढरांमागं गेलेला, लांडग्याशी झुंजताना अर्धा कान गमावलेला, आणि आता म्हातारा. गावाकडची मेंढरं विकली तेव्हा बिरुदेव आईला सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या आपल्या घरी न्यायला आला. कस्तुराबाई उंबऱ्यावर बसून म्हणाली होती, "कुत्रं येत आसंल तर मी येते. न्हायतर तुजा बंगला तुला लखलाभ."

तसे दोघंही आले. उन्हाळा तापला आणि पिसवा उठल्या. सून पूनमच्या घोट्यांवर लाल गांधी आल्या. बिरुदेव तर हापिसात बसल्या बसल्या खाजवायला लागला. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बार्शीचे व्याही जेवायला यायचे होते.

"आये," बिरुदेव एकदाचा बोलला, "अखितीपर्यंत पिसवा गेल्या तर बरं. न्हायतर सरदारला मोहोळला मामाच्या मळ्यात सोडून येतो."

"पिसवा तुज्या घरात, आन् वनवास त्येला?"

"मग करायचं काय, तूच सांग."

"वाडा हलवायचा," कस्तुराबाई म्हणाली. "जलमभर काय केलं आमी?"

रानात मेंढरांचा वाडा एका जागी फार दिवस ठेवत नाहीत. आज या वावरात, चार रात्रींनी पुढच्या वावरात. गोचीड-पिसवा मागं लेंड्यांत उपाशी राहतात आणि कळप पुढं जातो. ही अक्कल तिला कुठल्या शाळेनं शिकवली नव्हती, आणि शाळा शिकलेल्या लेकाला ती सुचली नव्हती, याचा तिला कोण आनंद!

घराला कुलूप लागलं. अंथरुणं, शेगडी, पाण्याची घागर, सगळं गच्चीवर गेलं. सरदारला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालून तोही वर आणला. शेजारची महादेवी कुंपणावरून मान उंचावून म्हणाली, "काय वो मावशी, घर भाड्यानं दिलंय काय?"

"व्हय, पिसवांना दिलंय. येक खोली मोकळी हाय, येतीस का?"

आणि गच्चीवर खरंच बरं वाटत होतं. दिवस बुडाला की वारं सुटायचं. पूनम शेंगाची चटणी आणि भाकरी घेऊन सासूशेजारी बसायची आणि घरात कधी हसली नव्हती तशी हसायची. सरदार जिन्याच्या तोंडाशी आडवा पडायचा. राखणीच्या कुत्र्याला ओलांडायचं नाही, हा वाड्याचा रिवाज; त्याच्या अंगावरून कुणी गेलं नाही.

अखिती जवळ आली तसं कुलूप काढलं. "व्हा बाजूला," म्हणत कस्तुराबाई अनवाणी पायांनी पुढं झाली, गड जिंकल्यागत. मधल्या खोलीपर्यंत गेली असेल नसेल, पोटऱ्यांवर तीळ पेरल्यागत पिसवा चढल्या. लुगडं झटकत ती अंगणात आली ती नाचतच. महादेवीनं पाहिलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

बिरुदेव हसला नाही. त्यानं खिळ्यावरची साखळी काढली. "उद्या मोहोळला जातो, आये."

सरदार साखळीकडं बघून शेपूट हलवत होता. त्याला वाटलं, फिरायला निघालो. कस्तुराबाईनं त्याच्या अर्ध्या कानामागं खाजवलं.

"ने. पर आदी दवाखान्यात दाव. दुसऱ्याच्या मळ्यात पिसवा घेऊन जानारं कुत्रं माजं न्हवं."

जनावरांची डॉक्टरीण, दानेश्वरी, चष्मा कपाळावर सारून सगळी हकीकत ऐकत होती. गच्चीचं ऐकून तिला हसू आवरेना.

"आजी, पिसवांची पिल्लं कोषात दडून असतात. घर रिकामं असलं की बाहेरच येत नाहीत. पाय वाजला, अंगाची ऊब लागली, की सगळ्या मिळून उडी! तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत आणि मग स्वतःच ताट घेऊन गेलात."

कस्तुराबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "धनगर मागं फिरून त्याच जागंवर वाडा बसवतो व्हय? म्या बसवला!"

दानेश्वरीनं सरदारच्या मानेवरचे केस फाकवून कातडीवर औषधाचे थेंब सोडले. "आता याला कुठं पाठवू नका. हे औषध अंगात भिनलं की घरभर फिरू द्या. पिसवा याच्यावर उडतील आणि मरतील. हा मोहोळला गेला तर त्या कुणावर उडतील?"

"माझ्यावर," बिरुदेव घोटा खाजवत म्हणाला.

"खाटेखाली, कोपऱ्यात रोज झाडून काढा, अंथरुणं गरम पाण्यात उकळा. थोडे दिवस निघतच राहतील, घाबरू नका. आणि औषध दर महिन्याला."

दवाखान्यातून बाहेर पडताना साखळी कस्तुराबाईच्या हातात होती. "ऐकलंस का, बिरू? म्हातारा परत कामावर लागला."

खोल्या रोज झाडून निघायला लागल्या, आणि मागोमाग सरदार ठुमकत जायचा: सैपाकघर, मधली खोली, खाटेखाली. आधी मेंढरं राखली, आता घर. पूनमच्या घोट्यांवरच्या गांधी हळूहळू मावळल्या. एखादी चुकार पिसू अजून निघायची, म्हणून अखितीला व्याह्यांना गच्चीवरच बसवायचं, हे पूनमनंच ठरवलं.

"हितं वारं चांगलं हाय," एवढंच तिनं माहेरच्यांना सांगितलं, आणि सासूकडं बघून ओठ दाबले.

दिवस बुडाला तशी आमरसाची ताटं मांडली. व्याही मांडी घालून बसले, तेवढ्यात कस्तुराबाई दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन जिना उतरायला लागली.

"आये, पाहुणे बसल्यात," बिरुदेव हळूच म्हणाला.

"बसू दे की. वाड्यावर पयली भाकर कुनाची आसती, इसरलास?"

बिरुदेव उठला. आईच्या हातातली थाळी त्यानं घेतली आणि स्वतः खाली गेला. सरदार उंबऱ्यात आडवा पडला होता. बिरुदेवनं त्याला ओलांडलं नाही. तिथंच वाकून थाळी त्याच्या तोंडापुढं ठेवली.