टिकली लावलेला कीबोर्ड

मित्रांनो, माझ्या अंगावरची अक्षरं पार पुसून गेली आहेत, त्यामुळे मी कोण हे मलाच सांगावं लागणार. मी एक जुना कीबोर्ड आहे. परळच्या एका धर्मादाय इस्पितळात, जिन्याखालच्या टेलिफोनच्या खोलीत मी एकोणीस वर्षं नोकरी केली. अक्षरं गेली याचं मला काडीचंही दुःख नाही. माझ्यावर जिची बोटं फिरली तिने ती कधी वाचलीच नव्हती. आमच्या तुळसाताईला डोळ्यांनी दिसत नसे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथे एका दिवसात माझ्यासारखे हजारो भाऊ जन्माला यायचे, तेव्हा बारशाचं वगैरे काही विचारू नका. थर्माकोलच्या खोक्यातून मी बाहेर आलो ते १९९९ साली, थेट ताईच्या टेबलावर. माझ्याआधी तिथे जाडजूड बटणांचं टेलिफोनचं यंत्र होतं आणि ताईने त्यावर पंधरा वर्षं काढली होती. तिने मला दोन्ही हातांनी चाचपलं आणि नाक मुरडलं.

"हा कसला चपटा पापड आणलात?" ती म्हणाली.

मी खट्टू झालो. पण ताई हार मानणाऱ्यांतली नव्हती. पडद्यावर काय आहे ते संगणकातला एक आवाज तिच्या कानात वाचून दाखवायचा आणि ती माझ्या कळा मोजत बसायची. पंधरा दिवसांत तिने मला आपलासा केला. वरच्या ओळीतली तिसरी कळ फोन उचलायची, चौथी थांबवून ठेवायची, सातवी पुढे जोडून द्यायची. आणि नववी कळ! ती लागोपाठ तीनदा दाबली की पाचही मजल्यांवरच्या डॉक्टरांचे फोन एकदम वाजायचे. कुणाचा श्वास अडकला, कुणाचं हृदय थांबायला आलं, तर ताई तीनदा दाबायची आणि कुठे धावायचं ते सांगायची. ही कळ चुकून चालणार नाही म्हणून तिने आपल्या कपाळावरची खड्याची टिकली काढून त्या कळीवर चिकटवली. पडली की दुसरी लावायची. अशा किती टिकल्या मी मिरवल्या, त्याची गणती नाही. माझ्या हजारो भावांपैकी एकाच्याही कपाळी हे भाग्य नसेल.

नेमकं तीनदाच का, हे मला पुढे कळलं. ऑफिसातली कमल दुपारी डबा घेऊन आमच्या खोलीत यायची. जेवताना ताई तिला जुन्या गोष्टी सांगायची, आणि मी हाताशीच असल्यामुळे फुकटात ऐकायचो.

ताईचे वडील राजाराम लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. शेकडो मागांच्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, कुणालाच काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओठांच्या आणि हातांच्या खुणांनी बोलायचे. घरीही त्यांना तीच सवय. आणि ताईचे डोळे तर पाचव्या वर्षीच गोवराने नेलेले. बापाला ऐकू येईना, लेकीला खूण दिसेना. मग दोघांनी आपली एक भाषा काढली. लेकीच्या तळहातावर बोटाने एकदा टकटक केली की हो. दोनदा म्हणजे नाही. आणि तीनदा म्हणजे 'मी आहे, भिऊ नकोस.'

१९८२ साली संप झाला आणि राजाराम घरी बसले. संप मिटलाच नाही. "लोकांनी माझ्या बाबांचा चेहरा उतरलेला बघितला," ताई एकदा म्हणाली, "मी हात बघितला गं. मागावरचे घट्टे होते त्यांच्या हाताला. वर्षभरात ते मऊ पडले. रोज हातात हात घ्यायचे ना, मला रोज कळायचं." तेव्हा कमलचा घास हातातच राहिला होता.

त्याच दिवसांत ताई दादरच्या एका संस्थेत टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकली आणि १९८४ साली इस्पितळात लागली. ज्या घरात गिरणीचा भोंगा वाजला की उठायचं, ते घर आता ताईच्या पाळीवर उठू लागलं. राजाराम रोज तिला इस्पितळाच्या दारापर्यंत सोडायला यायचे आणि दारात तिच्या तळहातावर तीनदा टकटक करायचे. मी आलो तेव्हा ते या जगात नव्हते. पण त्यांची टकटक माझ्या नवव्या कळीवर मी अंगाने सोसली आहे, आणि ते सोसणं मला अलंकारासारखं वाटतं.

इस्पितळातले सहाशे चाळीस नंबर ताईला तोंडपाठ होते. माणसं तर ती श्वासावरून ओळखायची. एकदा मालवणकडच्या एका म्हातारीचा फोन आला.

"बाय, माझो बुधाजी थंय आसा. खयच्या खाटीर तां माका ठावूक नाय गो."

"आडनाव काय आजी?"

"ता कित्याक होया? बुधाजी म्हटलां की सगळे वळाखतत त्येका."

सहाशे खाटांचं इस्पितळ आणि म्हणे सगळे ओळखतात! मला हसू फुटलं. ताई मात्र हसली नाही. "त्येका झालाहा काय, तां सांगशात?" तिने म्हातारीच्याच बोलीत विचारलं. डॉक्टरांनी पोट चिरलंय एवढंच म्हातारीला ठाऊक होतं. तेवढ्यावरून ताईने पुरुषांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड गाठला आणि पाच मिनिटांत बुधाजीला टेलिफोनपाशी उभं केलं. मायलेकरांचं बोलणं संपेपर्यंत ती सातव्या कळीवर बोट ठेवून शांत बसली होती. असे दिवस आठवले की माझी छाती, म्हणजे जी काही आहे ती, फुगते.

आणि मग २०१२ सालचा तो सोमवार उजाडला.

आमच्या संगणक विभागात जगदीश नावाचा होतकरू मुलगा होता. स्वभावाने गरीब, कामाला वाघ. रविवारी ताईची सुट्टी असताना त्याने टेलिफोनच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली. सोमवारी ताईने नेहमीसारखी बोटं टेकवली. पहिलाच फोन एका घाबऱ्या नवऱ्याचा होता, त्याला प्रसूती विभाग हवा होता. ताईने सातवी कळ दाबली आणि फोन कटला! बिचाऱ्याने पुन्हा केला. या वेळी ताईने आधी चौथी आणि मग सातवी दाबली, तर तो गेला कँटीनमध्ये. तिथे दौलतने उचलला.

"पाच मिनिटांत पोचतोय, तयारी ठेवा!" नवरा ओरडला.

"ठेवतो शेठ," दौलत म्हणाला, "किती प्लेट?"

ही गोष्ट इस्पितळात आठवडाभर हसून हसून सांगितली गेली. ताई मात्र त्या दिवशी जेवली नाही. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून एक फोन चुकीच्या जागी गेला नव्हता. तिची बोटं बरोबर होती, मी बरोबर होतो. आमच्या पायाखालची जमीनच कुणीतरी रात्रीतून सरकवली होती.

जगदीश धावत आला. "ताई, आता सगळं सोपं झालंय. कळांची भानगडच नाही. माउसने चित्रावर क्लिक करायचं, बस्स."

"चित्र कुठंय ते कसं कळणार रे मला?"

"कानात आवाज सांगेल ना."

"तो काय सांगतो ऐकलंस? बटण, बटण, बटण. कसलं बटण ते सांगतच नाही."

मग ताईने खालच्या आवाजात विचारलं, "नववी कळ वाजते का?"

"ती आता पडद्यावर उजवीकडे आहे. लाल चौकोनात."

"लाल?" ताई म्हणाली.

एवढंच. मित्रांनो, मला त्या वेळी जीभ असती तर मी त्या पोराला चार शब्द सुनावले असते.

"माझ्या हातात काही नाही ताई," तो पुटपुटला. "वरून आलंय."

"वरून म्हणजे काय देवाकडून आलंय? कुणीतरी माणसानेच केलंय ना? मग त्याला विचार, मी कुठं बोट ठेवू?"

दुपारी ऑफिसचा निरोप आला. तुळसाताईंनी चौकशीच्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसावं. काम काही नाही, नोकरीला धक्का नाही. निरोप आणणारी कमलच होती. तिला वाटलं, बरं झालं, निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं आरामात निघून जातील. "अगं तुळसा, चांगलंय की. बसून राहायचं नुसतं."

ताई उठून उभी राहिली. "कमल, माझा बाप बसून राहिला होता. बसलेल्या माणसाचा हात कसा होतो, ते मला नको सांगूस."

ती तडक वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि आठ दिवसांची मुदत मागून आली. आठ दिवसांत जुन्या कळा नव्या प्रोग्रॅममध्ये बसवायच्या. जमलं तर खुर्ची ताईची. नाहीतर ती चौकशीपाशी बसेल. तोवर माउसने फोन जोडायला कमल, आणि शेजारी नंबर सांगायला ताई.

माझं काय झालं म्हणता? दुसऱ्याच दिवशी नव्या प्रोग्रॅमसाठी नवा संगणक आला आणि त्याच्याबरोबर नवा काळा कीबोर्ड, म्हणून मला कपाटात जुन्या डिरेक्टऱ्यांवर टाकलं. वर झुरळं, खाली धूळ. टिकलीही कुठेतरी गळाली. एवढी वर्षं हातावर घेतलेल्याला असं विसरतात, याचं वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

ताईने जगदीशला आपल्या खुर्चीत बसवलं. कानाला आपलं हेडफोनचं यंत्र लावायला दिलं. आणि म्हणाली, "आता पडदा बंद कर."

"बंद?"

"माझा बंदच असतो. कर बंद, आणि मला एक फोन जोडून दाखव. एकच."

पडदा विझल्याची टिक् ऐकू आली. मग बराच वेळ नुसते माउसचे आवाज. कानातला आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. बटण. बटण. बटण. दहा मिनिटांनी जगदीशने यंत्र काढून ठेवलं.

"ताई, चुकलं माझं," तो म्हणाला. "टाकायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्या दिवसापासून पोराने हाय खाल्ली नाही की कंटाळा केला नाही. ताई एकेक कळ सांगायची, तो वहीत लिहून घ्यायचा. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना त्याने पत्रांवर पत्रं पाठवली. मुक्या बटणांना नावं मिळाली, तिसरी, चौथी, सातवी जागेवर आल्या. सातव्या दिवशी नववीही बसली. पण नव्या कीबोर्डच्या वरच्या कळा एकाला एक चिकटलेल्या, मध्ये फट नाही. ताईची बोटं अडखळायला लागली.

"माझा जुना आण," ती म्हणाली.

माझी शेपटी गोल आणि नव्या संगणकाचं बीळ चपटं. जगदीश लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन मधली जोडणी घेऊन आला. मला फडक्याने पुसलं. ताईने आपल्या कपाळाची टिकली काढून माझ्या नवव्या कळीवर दाबली. मित्रांनो, तेव्हा मी रडलो असतो, पण पाणी आम्हाला चालत नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई कागदावर दहा नंबर लिहून परीक्षेला आल्या. तीन झाले. चौथा जोडायच्या आत खराच एक फोन वाजला. ताईने तिसरी कळ दाबली.

"ताई..." पलीकडून एवढंच आलं. लहान मुलांच्या वॉर्डातली रमा सिस्टर होती.

पुढचा शब्द ऐकायला ताई थांबली नाही. टिकलीवर बोट गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. "तिसरा मजला, लहान मुलांचा वॉर्ड," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "तिसरा मजला." आमच्या डोक्यावरच्या जिन्यावरून धाडधाड पावलं गेली. डॉक्टरीणबाईही कागद टाकून धावल्या. खोलीत जगदीश, ताई आणि मी. ताईचं बोट अजून टिकलीवरच होतं.

वीस मिनिटांनी त्याच वॉर्डातून फोन आला.

"ताई, रडला," रमा सिस्टर म्हणाली. मागे ते बाळ टाहो फोडत होतं. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

उरलेले सात नंबर कुणी विचारलेच नाहीत. त्या खुर्चीत ताई पुढे सहा वर्षं बसली, आणि तिच्या पुढ्यात मी. २०१८ साली ती निवृत्त झाली तेव्हा जगदीशने मला शालीत गुंडाळून तिच्या हाती दिलं. आता मी लालबागला तिच्या घरी, राजारामांच्या तसबिरीखालच्या फळीवर असतो. शेपटी कशालाच जोडलेली नाही, पण टिकली आहे.

मित्रांनो, बदलाशी माझं वैर नाही. मी स्वतः एका जुन्या यंत्राला उठवून त्या टेबलावर बसलो होतो. माझं मागणं एवढंच आहे, की उद्या तुम्ही मोठे होऊन काही नवं घडवाल, तेव्हा ज्याचा हात त्या कामावर वर्षानुवर्षं बसला आहे, त्या हाताला आधी विचारा. त्याला माहीत असलेलं तुमच्या कुठल्याच पुस्तकात नसतं.

अजूनही वर्षातून एक-दोनदा ताईचा फोन वाजतो. पलीकडे जगदीश असतो. तो आता विभागाचा प्रमुख झाला आहे.

"ताई, उद्या नवी आवृत्ती टाकतोय. पडदा बंद करून बसलो होतो आज. सगळे फोन जोडून बघितले."

ताई फळीपाशी येते आणि माझ्या टिकलीवर बोट ठेवते.

"आणि नववी?"

"वाजली ताई. पाचही मजल्यांवर वाजली."