बोटाफोगो जिंकलं तो रविवार

नंदनवन वस्तीतल्या ज्या क्लबात धम्मानंद आणि मयुरा फुटबॉल शिकले, त्याची जर्सी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती. ब्राझीलच्या बोटाफोगोचीही तशीच. एवढ्याशा कारणावरून दोघं त्या हरणाऱ्या संघाच्या मागे लागले आणि पुढे एकमेकांच्याही. लग्न करायचं ठरलं होतं; मयुराच्या घरून होकार तेवढा येत नव्हता.

त्या नोव्हेंबरच्या अखेरीस बोटाफोगो दक्षिण अमेरिकेच्या क्लब स्पर्धेत पहिल्यांदाच अंतिम सामना खेळलं. सामना आपल्याकडे झोपेच्या वेळी झाला. ठरल्याप्रमाणे निकाल न पाहता मयुरा रविवारी सकाळी त्याच्याकडे आली आणि धम्मानंदने लॅपटॉपवर सामना लावला.

पहिल्याच मिनिटात बोटाफोगोच्या खेळाडूला रेड कार्ड मिळालं. आता सगळा सामना दहा जणांनी खेळायचा.

"गेलं!" धम्मानंदने कपाळावर हात मारला. "आपलं नशीबच असं आहे वं."

मयुराने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

पण ते दहा जण हटले नाहीत. एक गोल केला, मग पेनल्टीवर दुसरा. समोरच्यांनी एक फेडला तेव्हा धम्मानंदला बसवेना. अगदी शेवटी तिसरा गोल झाला आणि तो ओरडत गच्चीवर जाऊन आला. परत येऊन पाहतो तर मयुरा ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

"अवं वेडे, जिंकलो आपण!"

"धम्मा, माझं लग्न ठरलं. अमरावतीचा मुलगा आहे. मी हो म्हटलं."

तो हसलाच आधी. मग तिचा चेहरा पाहून खाली बसला.

"मी येऊन बोलतो तुझ्या बाबाशी."

"काय बोलशील गा? तुझं आडनाव ऐकूनच त्यायनं दार लावलं होतं. परवा माझे पाय धरले बाबानं. मारलं असतं तं मी निघून आली असती. पाय धरल्यावर काय करू?"

"मंग आल्या आल्या काहून नाही सांगितलं?"

"किती वर्षांपासून वाट पाहून राहिला होता तू. म्हटलं, एवढं तरी पाहून घेऊ दे याले."

लॅपटॉपवर ते खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. धम्मानंदला ते बंद करायचंही सुचेना. तिच्यावर ओरडावं, तिला अडवावं, असं फार वाटलं. पण बापाचे हात तिच्या पायांवर आलेले त्याला दिसत राहिले.

तो तिला सोडायला खाली आला. थंडीने तिची गाडी सुरू होईना. मयुरा बटण दाबत राहिली, डोळे पुसत राहिली. शेवटी त्यानेच पुढे होऊन किक मारली. गाडी सुरू झाली. तिने त्याच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि प्रताप नगरला घराकडे निघून गेली.

तो जिन्यात आला तेव्हा वरून त्याची आई प्रेमिला विचारत होती, "जिंकले का गा तुमचे?"

"जिंकले, आई," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.