चामराजपेटचा खर्ज

चामराजपेटच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला आणि हेवी मेटल गिटारवादक फत्तेसिंगची कारकीर्द तिथेच संपली. पण ते असू द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चाला. सगळी गल्ली तसंच धरून चालली आहे.

फत्तेसिंगची आई जमनाबाई भजनं गायची. श्रुतीपेटी बिघडल्यापासून ती खिडकी उघडायची आणि ट्रान्सफॉर्मरच्या घूंऽऽ आवाजावर सूर लावायची. सुराशिवाय तोंड उघडायचं नाही, हा घरचा नियम. पोरगं गिटार घेऊन बसलं तेव्हा त्यानेही खिडकीच उघडली. जाड तार खांबावरच्या त्या आवाजाला जुळवायची, बाकीच्या तिच्यामागे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गल्लीत फ्रिज वाढले आणि ट्रान्सफॉर्मरचा घसा बसला. फत्तेसिंगने तार सैल केली. तळव्याने तारा दाबून धरायच्या आणि खालच्या दिशेनेच फटके मारायचे, ही त्याची रीत. आता ती इतकी जड झाली की इंदिरानगरच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या एकाला घेरी आली. पोरं खूश. पुढच्या वर्षी आवाज आणखी उतरला, तारही. एका मासिकाने लिहिलं, ‘याची शैली भूगर्भातून येते.’ ती खांबावरून येत होती.

मग खांबाखालची कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. जमनाबाईने खिडकी लावून घेतली.

“फत्तू, आज मी गात नाही.”

“का गं?”

“त्यानं आत्ता श्वास घेतला.”

“आई, ट्रान्सफॉर्मर आहे तो.”

“सरी, असेल बाबा. मग सोडला का, ते तू ऐकून सांग.”

फत्तेसिंग बराच वेळ ऐकत राहिला. सोडला नव्हता.

ड्रमवाला आशय पुण्याच्या इंजिनियरचा मुलगा. तो वैतागला. “अरे यार, तारा बघ, वाळत घातल्यासारख्या लोंबतायत! उद्या जयनगरला रेकॉर्ड कंपनीवाले येणार. आयुष्यात एकदाच येतात ते. ट्यूनर आण ना एखादा!”

“स्वल्प थांब. तो अजून खाली चाललाय.”

“तो कोण?”

फत्तेसिंगने नुसतं खिडकीकडे बघितलं.

कार्यक्रमाच्या दुपारी आवाज कानांना ऐकूच येईना. दाढांत जाणवत होता. फत्तेसिंगने तार सैल केली, अजून सैल केली, आणि हलकेच छेडली. जुळली. अगदी बरोब्बर जुळली.

तेव्हा ट्रान्सफॉर्मरने श्वास सोडला.

काचा खाली आल्या. संध्याकाळी जयनगरच्या मंचावर फत्तेसिंग गिटार घेऊन उभा राहिला आणि उभाच राहिला. सूर कुठून घ्यायचा? हात उचलेना. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, त्यांना ही नवी शैली वाटली. रेकॉर्ड कंपनीवाले वडा खाऊन निघून गेले.

आता खांबावर नवा ट्रान्सफॉर्मर आहे. तो आवाजच करत नाही. जुनाही करत नव्हता, असं गल्ली म्हणते. वीज ऑफिसात मात्र फत्तेसिंगचा अर्ज पडून आहे:

‘मेहेरबान साहेब, सदर ट्रान्सफॉर्मरचा पूर्वीचा आवाज पूर्ववत सुरू करून मिळावा. ते शक्य नसल्यास त्याहून अर्धा सूर खालचा तरी मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’